लोखंडी पेव

आधी वास.

दस्तगीर घरी यायच्या आधी त्याचा वास घरी यायचा. त्याचं पाऊल उंबऱ्यात पडायच्या आत फरीदा चुलीपुढून म्हणायची, "आलं तुमचं पेट्रोल." मग दस्तगीर यायचा. राखेनं हात घासायचा, चिंचेच्या कोळानं घासायचा, पुन्हा राखेनं घासायचा. तरी भाकरीचा पहिला तुकडा तोंडात गेला की रॉकेलात बुडवून काढल्यासारखा लागायचा. फरीदाला पाचवा महिना लागला आणि त्या वासानं तिला असे उमासे यायला लागले की तिनं नवऱ्याचं अंथरूण ओसरीवर टाकलं. दस्तगीरला राग आला नाही. त्याला स्वतःच्याच कातडीची किळस आली होती, आणि किळस आलेल्या माणसाला ओसरीच बरी.

पंप नानासोंचा. आष्ट्याच्या पेठेच्या तोंडाला, सांगलीकडं जाणाऱ्या रस्त्यावर. लढाईचे दिवस होते, पेट्रोल कुपनावर मिळायचं, त्यामुळं भलेभले नानासोंना वाकून रामराम घालायचे. दस्तगीरचं काम दांडा मारायचं. दांडा पुढं-मागं केला की जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल वर काचेच्या भांड्यात चढायचं, तिथं माप दिसायचं, आणि मग नळीनं ते मोटारीत उतरायचं. टाकी पुरुषभर मातीखाली पुरलेली. तिच्या तोंडावर जाड लोखंडी झाकण, झाकणाला बोल्ट. पंपाच्या मागं, जवळच, जुनी दगडी विहीर.

टाकी गळत होती. दस्तगीरला ते ठाऊक होतं. विहिरीला ठाऊक होतं. त्या विहिरीवर पाणी प्यायचं सोडून दिलेल्या म्हशींना तर सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ठाऊक नव्हतं ते नानासोंना. तसं त्यांचं नाक तिखट. हळदीची चिमूट नाकाशी धरली की माल कुठल्या गावचा ते सांगायचे. पण स्वतःच्या पंपाचा वास त्यांना येत नसे.

"कसला वास रं?" ते म्हणायचे. "तुझ्या नाकात बसलाय त्यो. शिंकरून टाक."

*

…च्या आत विस्तव, विडी, कंदी…

हे पाटीवरचं. कंपनीनं पंप बसवला तेव्हा बशीसारखी गुळगुळीत पांढरी पाटी दिली होती, वर इंग्रजी, खाली मराठी. ती दर्शनी लावायची होती. "गिऱ्हाइकाला उगंच भ्या वाटतं," असं म्हणून नानासोंनी ती आपल्या खुर्चीच्या उजव्या हाताला, भिंतीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवली. नानासो तंबाखू खायचे आणि उजव्या हाताला थुंकायचे. एवढं सांगितलं की पाटीचं पुढं काय झालं ते सांगावं लागत नाही. तो कोपरा पुसायचं काम दस्तगीरचं. चिंधी फिरवताना त्याला दोन पिंकांच्या मधली अक्षरं दिसायची, चौथीपर्यंत शिकल्यामुळं ती वाचताही यायची, आणि वाचता वाचता तो चिंधी टाकून उठायचा. नियमांच्या भीतीनं की पिंकांच्या किळसेनं, हे त्याला सांगता आलं नसतं.

…हवेची नळी सदैव मोकळी व उं…

टाकीला श्वास घ्यायला हवेची नळी असते. ती उंच असावी, म्हणजे आतली वाफ माणसांच्या डोक्यावरून निघून जाते. नानासोंनी नळी गुडघ्याएवढी ठेवून कापली आणि वरचा तुकडा गोठ्याच्या मोरीला बसवला. उरलेल्या तोंडात बोळा कोंबला. "कुपनाचं पेट्रोल हाय," ते म्हणाले, "उडून जाऊ देऊ व्हय?" आणि मागं शेगडी बांधलेली, कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार रोज उतारू घ्यायला येऊन त्या बोळ्याला पाठ लावून उभी राहायची. शेगडीतनं निखारे गळायचे. ड्रायव्हर ते पायानं विझवायचा आणि हसायचा. दस्तगीरचं आतडं त्या चपलेखाली आल्यासारखं व्हायचं.

*

पावसाळा सरला आणि विहिरीचं पाणी वर चढलं. इतके दिवस टाकीतलं पेट्रोल विहिरीत जात होतं. आता विहिरीचं पाणी टाकीत यायला लागलं. मोटारी खोकायला लागल्या. कुणी डॉक्टर वाटेतच अडकून पडले. एका ड्रायव्हरनं पेट्रोल बाटलीत धरून नानासोंच्या टेबलावर ठेवलं. खाली बोटभर गढूळ पाणी, त्यात गंजाचा भुगा, वर पेट्रोल.

तेव्हा नानासोंना वास आला.

"दस्तगीर," ते म्हणाले, "टाकी साफ कराय पायजे. तळाचा राडा काढायचा, आतनं घासायची, भोक सापडलं की साबण आन डांबर भरायचं. आत माणूस उतराय पायजे."

"आवं नानासो, कंपनीचा माणूस बोलवा की. त्यांचं काम हाय ते."

"कंपनीचा माणूस आला मंजी टाकीला कुलूप घालणार आन पंप दुसऱ्याला देणार. मग तू कुटं दांडा मारणार? माझ्या डोस्क्यात?" नानासो उजवीकडं थुंकले. "हरिपूरला जा. पेवात उतरणारा माणूस आण."

हरिपूर सांगलीच्या खाली, कृष्णेच्या काठाला. तिथली माती अशी की तिच्या पोटात हळद वर्षानुवर्षं टिकते. म्हणून व्यापाऱ्यांनी तिथं जमिनीत पेवं खणलेली असतात. तोंड माणूस कसाबसा जाईल एवढं, आत खोलीएवढी पोकळी. तोंड बुजवून ठेवलेल्या पेवातली हवा मरते. पेव फोडल्या फोडल्या आत उडी मारणारा माणूस तळाला पाय टेकताच झोपतो आणि उठत नाही. म्हणून तिथं पेवात उतरणारी खास माणसं असतात.

"काय सांगू त्यास्नी?" दस्तगीरनं विचारलं.

"पेवाचं काम हाय म्हणावं. लोखंडाचं पेव. एवढंच."

दस्तगीर हरिपूरला गेला आणि एवढंच म्हणाला. शब्द तोंडातनं निघाला तेव्हा अडखळला नाही. जमिनीखालची पोकळी, वर अरुंद तोंड, आत मेलेली हवा. खोटं कुठं होतं?

*

धुळा आला तो बाजारच्या दिवशी सकाळी. पन्नाशीचा, किडकिडीत, अरुंद खांद्यांचा. पेवाच्या तोंडातनं आत-बाहेर करायला तसेच खांदे लागतात. नखं जन्मभराच्या हळदीनं पिवळी. तो शेजारी बसला तेव्हा दस्तगीरला कितीतरी दिवसांनी स्वच्छ वास आला आणि त्यानं तो चोरून दोनदा ओढून घेतला. धुळाजवळ दोर होता, टोपली होती आणि तान्ह्या पोरासारखं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"धुळामामा, घरातनं कोण कोण ह्या कामात?" दस्तगीरनं विचारलं.

"बाप व्हता. त्याला पेवानं खाल्लं." धुळानं हे पाऊसपाण्याचं बोलावं तसं सांगितलं. "घाई केली त्यानं. म्या कवाच घाई करत न्हाई."

टाकीतलं पेट्रोल पंपानं ओढता येईल तेवढं ओढून पिपांत भरलं होतं आणि पिपं नानासोंच्या गोठ्यात होती. तळाला गुडघाभर राडा राहिला होता. दस्तगीरनं कंपनीच्या मोठ्या पान्यानं बोल्ट सोडले. दोघांनी मिळून झाकण बाजूला सरकवलं.

वास वर आला म्हणणं बरोबर नाही. वास काठावरून खाली सांडला. दिसत नव्हता, पण पायांवरून गार काहीतरी सरकत गेल्यासारखं झालं आणि मग घशात गोड, कडू, सडलेलं असं काही तरी जाऊन बसलं. कुजलेल्या फणसात कुणी रॉकेल ओतावं आणि तो तोंडावर दाबून धरावा, तसं. दस्तगीरच्या डोळ्यांत पाणी आलं. धुळा चार पावलं मागं सरला.

"हे काय रं? ही हळद न्हवं."

"पेट्रोल हाय, मामा."

"मंजी घासलेटच की."

"घासलेटाचा थोरला भाऊ."

"वासानं काय माणूस मरतो व्हय?" खुर्चीतनं नानासो म्हणाले.

"वासानं न्हाई मरत, मालक," धुळा म्हणाला. "हवेनं मरतो. म्या आदी हवा बघतो, मग बोलतो."

हवा कशी बघतो, हे कुणीच विचारलं नाही. नानासोंनी विचारलं नाही, कारण त्यांना त्याची गरज नव्हती. दस्तगीरनं विचारलं नाही, कारण त्याला ओकारी येत होती आणि तोंड उघडायची भीती वाटत होती. नानासोंनी त्याला पोती भिजवून आणायला विहिरीवर धाडलं. आत पाय घसरू नये म्हणून ती खाली अंथरायची होती. तो आनंदानं गेला. तेवढंच तिथून लांब.

*

पोतं भिजवून खांद्यावर टाकून तो वळला.

नानासोंच्या खोलीतनं धुळा बाहेर येत होता. वारा लागू नये म्हणून त्यानं दिवा खोलीत लावला होता. फडक्यातलं पोर म्हणजे तो दिवा होता: तारेच्या पिंजऱ्यात बसवलेली छोटी चिमणी, पिंजऱ्याला दोर. एक हात ज्योतीआड धरून, पाय जपून टाकत, पुजेचं तबक न्यावं तसा धुळा टाकीच्या तोंडाकडं चालला होता. त्याच्या वाटेत यायला नको म्हणून नानासोंनी आपली खुर्ची जराशी मागं ओढली.

पेवाच्या तोंडातनं दिवा खाली सोडायचा. विझला तर हवा मेलेली. पेव उघडं ठेवायचं, उद्या बघायचं. जळत राहिला तर उतरायचं. दिवा जगला तर माणूस जगतो. हरिपुरात हे पोरांना चालायच्या आधी शिकवतात.

पेव. दस्तगीरनंच नेलेला शब्द दिवा घेऊन परत आला होता.

ओरडावं तर म्हातारा दचकेल, दिवा सुटेल. न ओरडावं तर—

तो पळाला. ओरडला नाही. ओलं, जड, पाणी गळणारं पोतं त्यानं दोन्ही हातांनी धुळाच्या अंगावर, दिव्यावर, हातांवर टाकलं आणि स्वतः वरून पडला. चर्र आवाज झाला. पोत्याखालून धूर आला नाही, वातीचा करपट वास तेवढा आला. टाकीच्या तोंडापासून ते इतक्या जवळ होते की धुळाच्या डोक्यावरची टोपी घरंगळत जाऊन टाकीत पडली. ती खाली पडल्याचा आवाज आला: चिखलात पडल्यासारखा, मऊ.

*

नानासो पुढं कित्येक ठिकाणी ही गोष्ट अशी सांगायचे: माझा गडी येडा हाय. पाव्हणा माणूस देवाचा दिवा लावून कामाला निघाला, ह्यानं त्याला लोळवला. आमी खुर्चीत बसून हसतोय.

हसत होते, एवढं खरं.

*

धुळा उठला. चिखलानं माखलेला. त्यानं आधी दिवा उचलला, काच बघितली, वात बघितली, आणि मग दस्तगीरकडं असं बघितलं की दस्तगीरनं मान खाली घातली.

"माझा दिवा इझवलास?"

"मामा, ऐका. तुमच्या पेवात दिवा मेला तर माणूस मरतो. हितं दिवा जगला तर मरतो. हितं पेव न्हाई. म्या चुकीचा शबूद सांगिटला. ही वाफ पेटती. तुमी, म्या, ही खुर्ची, बाजार, समदं गेलं असतं."

"असं कुटं असतं व्हय?" धुळा म्हणाला. त्याचा आवाज चिडलेला नव्हता, अडाणी पोराला समजवावं तसा होता. "जितं दिवा जगत न्हाई तितं माणूस कसा जगंल? आन दिव्याबगार हवा बघायची कशी? हुंगून?"

"बघायचीच न्हाई. उतरायचंच न्हाई कुणी."

"मग मला आणलंस कशाला?"

म्हाताऱ्याचं सगळं बरोबर होतं. त्याच्या बापापासून चालत आलेलं सगळं बरोबर होतं, आणि त्या बरोबर असण्यानंच तो आज राख झाला असता.

"माझं ऐकून घे," धुळा दोर गुंडाळत म्हणाला. "पेवानं दिवा इझवला तर पेव म्हणतंय, येऊ नगं. माणसानं इझवला तर माणूस म्हणतोय, मर. आमच्या घरात दोनीबी ऐकत्यात. ह्या भोकात माझ्या वंशातलं कुणी उतरणार न्हाई. आन तुझ्या दारात पाणी पिणार न्हाई."

"नका पिऊ, मामा," दस्तगीर म्हणाला. "पाणी तसंबी प्यायसारकं न्हाई."

धुळा उघड्या डोक्यानं निघून गेला. सांगलीकडं जाणारी बैलगाडी त्याला पेठेच्या टोकाला मिळाली. पेट्रोल कळून नव्हे, वाफ कळून नव्हे, तो रागानं वाचला; आणि मरेपर्यंत सांगत राहिला की आष्ट्याच्या एका पंपवाल्यानं आपल्यावर ओलं पोतं टाकून भर बाजारात लाज काढली.

*

"दिवा नगं न्हवं तुला?" नानासो म्हणाले. त्यांचं हसू आता संपलं होतं. "मग उतर तू. तुला सवय हाय वासाची."

"न्हाई."

"न्हाई?"

"आदी टाकी पाण्यानं काठोकाठ भरायची, मग उपसायची, मग उघडी ठेवायची, मग माणूस. तसं लिवलंय."

"कुटं लिवलंय?"

दस्तगीरनं कोपऱ्यात बोट दाखवलं. पाटीवर सकाळचे ताजे ओघळ होते, आणि ओघळांच्या मध्ये: …पूर्वी पाण्याने पूर्ण भरून रिका… …खेरीज कोणीही माणसाने आत उत…

नानासोंनी मान वळवली. पाटीकडं बघितलं. आणि थुंकले.

मुद्दाम थुंकले असते तर दस्तगीरला चाललं असतं. अपमान करणाऱ्या माणसाला निदान समोरचा दिसतो तरी. ते सवयीनं थुंकले. तोंडात रस जमला होता आणि उजव्या हाताला वळलेच होते, म्हणून थुंकले. '…माणसाने…' ह्या अक्षरांवरनं पिंक हळूहळू खाली उतरली. दस्तगीरला वाटलं, आपण आत्ता इथंच ओकणार. टाकीच्या वासानं नाही.

"पाणी भरलं तर हाय ते पेट्रोलबी जाईल, आन चार दिवस पंप बंद. कंपनी इचारंल का बंद. तुझा बाप सांगंल?" नानासो उठले, उपरणं झटकलं. "आज बाजार हाय. माणसाला काय तोटा? आणतो एक."

ते गेले.

दस्तगीर एकटा उरला. त्यानं झाकण ढकलत ढकलत तोंडावर आणलं, बोल्ट घातले, दात ओठ खाऊन आवळले. त्या बोल्टांना बसेल असा पाना एकच होता. तो हातात घेऊन त्यानं इकडं तिकडं बघितलं, विहिरीच्या काठावर गेला आणि आत टाकून दिला. पाण्यावरची तेलाची रंगीत साय फाटली, पाना गेला, साय परत जुळली. मोराच्या मानेचे सगळे रंग तिच्यात होते. इतकी सुंदर घाण त्यानं दुसरी बघितली नव्हती.

*

नानासोंनी आणलेल्या माणसाचं नाव केरबा. म्हसवडकडचा. तिकडं पावसानं तोंड फिरवलेलं, म्हणून खडी फोडायला इकडं आलेला; खडीचं काम संपलेलं. गालफडं बसलेली, छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. तो झाकणाकडं बघत उभा राहिला आणि नानासो पाना शोधायला आत गेले.

"गड्या, जा तू," दस्तगीर हळूच म्हणाला. "आत उतरलास तर चढणार न्हाईस. हवा न्हाई आत. इख हाय."

"काम हाय न्हवं?" केरबा म्हणाला.

"काम न्हाई ते. मरण हाय."

"तू करतोस का हितं काम?"

"व्हय."

"मेलास का?"

दस्तगीरनं आपल्या भाकरीचं फडकं सोडलं आणि भाकरी पुढं केली. "हे खा आन जा. माझं ऐक."

भाकरी कुठल्या जातीच्या घरची आहे हे केरबानं विचारलं नाही. तिच्यावर काळ्या बोटांचे ठसे होते, तिला पेट्रोलचा वास होता, आणि केरबानं ती नाक न मुरडता, चटणी शेवटी पुसून घेऊन, सगळी खाल्ली. दस्तगीर बघत राहिला. आपल्याला रोज घशाखाली ढकलावी लागणारी भाकरी कुणी अशी खाऊ शकतं, हे बघून त्याला कुणाची किळस यावी हेच कळेना.

"बरी हाय," केरबा तोंड पुसत म्हणाला. "आता काम सांगा."

"आरं, खाल्लंस ना? जा की!"

"खाल्लं ते तू दिलंस. तितं गावाकडं तिघं बसल्यात, त्यास्नी कोण देणार? तू? पोट भरल्यालं हाय तुझं, म्हणून तुला वास येतोय. बाजूला हो."

एवढ्यात नानासो आतून गरजले, "पाना कुटाय रं?"

"हिरीत," दस्तगीर म्हणाला.

नानासोंनी त्याच्या कानाखाली ओढली. आवाज ऐकून बाजारची माणसं गोळा झाली. टोपल्या डोक्यावर तशाच ठेवून बाया थांबल्या. नानासो काय म्हणणार होते कुणास ठाऊक, पण त्यांच्या आधी केरबा म्हणाला, "हिरीतच हाय न्हवं? काढतो की."

"नगं!" दस्तगीर ओरडला. त्याच्या हे लक्षातच आलं नव्हतं. टाकीचं तोंड बंद करताना त्यानं दुसरं तोंड उघडं ठेवलं होतं. तो केरबाच्या मागं धावला, पण नानासोंनी त्याचा दंड धरून ठेवला. केरबानं काठावर धोतर सोडलं, लंगोटीवर झाला, अर्ध्या पायऱ्या उतरला आणि नाक धरून उडी मारली.

पाण्याचा माणूस नव्हता तो. बराच वेळ नुसतं पाणी हलत होतं. वर आला तेव्हा डोळे मिटलेले, तोंड वासलेलं, केसांवरून, भुवयांवरून, ओठांवरून ते रंगीत तेल ओघळत होतं. उजव्या हातात पाना. त्यानं चाचपत पायरी धरली, वर चढला आणि काठावर गुडघ्यांवर बसून भडभडा ओकला. भाकरी गेली, चटणी गेली, मग नुसतं पिवळं पाणी, मग काहीच नाही, तरी पोट थांबेना.

"म्हसवडच्या माणसाला पाणी जास्त झालं!" गर्दीतनं कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

केरबानं डोळे उघडले. लाल भडक होते. त्यानं आपल्या दंडाला लागलेलं तेल बोटानं निपटलं, नाकाशी नेलं आणि पुन्हा ओकायला वाकला.

"हे पाणी हाय?" त्यानं दस्तगीरला विचारलं.

"ह्यात ते चिमूटभर हाय," दस्तगीर म्हणाला. त्याचा गाल सुजत होता. "टाकीत निस्तं तेच हाय. आन वर झाकण हाय."

केरबा बसून राहिला. फासळ्या वरखाली होत होत्या. पोट रिकामं झालं होतं, सकाळी होतं त्याहूनही रिकामं. गावाकडचे तिघे तसेच होते. दस्तगीरला वाटलं, हा आता उठेल आणि बोल्ट सोडायला लागेल. भुकेला नाक नसतं.

"आण हिकडं पाना," नानासोंनी हात पुढं केला. "उठ. लई नखरा झाला."

केरबा उठला. पण पाना दिला नाही. नानासोंच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला, अंगावरून गळत.

"मालक, तुमी कवा उतरलाय का आत?"

"म्या? म्या कशाला उतरू?"

"मग आज उतरा. म्या वर दोर धरतो. जीव जाईस्तवर सोडणार न्हाई." आणि त्यानं नानासोंचा पुढं केलेला हात धरला, त्यात पाना ठेवला, आणि आपल्या दोन्ही ओल्या, तेलकट हातांनी त्यांची बोटं पान्याभोवती मिटवून घट्ट दाबली. "घ्या. हुंगा तर खरं एकदा."

तेल नानासोंच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पांढऱ्याशुभ्र बाहीत शिरलं. नानासोंचं तोंड आधी पसरलं, मग आक्रसलं. नाकपुड्या मिटल्या. त्यांनी पाना झटकून टाकला, पण हात कुठं झटकायचा? तो अंगापासून लांब धरून, दुसऱ्या हातानं नाक दाबून ते मागं मागं सरले. दस्तगीर इतकी वर्षं बघत होता. ह्या माणसाला किळस आलेली तो पहिल्यांदाच बघत होता. आणि त्याला आनंद झाला नाही. उबग आला फक्त.

"काय घाण हाय ही!" नानासो ओरडले. "पाणी आणा! आरं, हात धुवाय पाणी आणा कुणीतरी!"

कुणी हसलं नाही. टोपलीवाल्या बाया, ड्रायव्हर, पोरं, सगळी पेठ वळून विहिरीकडं, जवळ होतं त्या एकुलत्या पाण्याकडं, बघत राहिली.